खालून कापलेल्या दहा ओळी

"दाबू नका. नुसतं धरा."

असे म्हणत डॉक्टरांनी जेवणाचा स्टीलचा डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि झाकण काढले. आत पोळीभाजी नव्हती. पांढऱ्या रुमालात गुंडाळलेल्या, जेलीने भरलेल्या दोन पारदर्शक पिशव्या होत्या. एक गोल, चपटी. दुसरी वर निमुळती आणि खाली भरीव, नळाच्या तोंडाशी लोंबणाऱ्या थेंबासारखी. दुपारचे साडेतीन वाजले होते. आमच्या जिल्हा दैनिकाच्या संपादकीय विभागात तेव्हा सात माणसे होती. सातही जणांनी माना खाली घातल्या, पण कोणाचीही लेखणी पुढे सरकत नव्हती.

"हे काय आहे?" मी विचारले.

"इम्प्लांट. ज्या बायकांना छाती भरलेली हवी असते त्यांना बसवतात. रविवारी ह्यावर लिहायचं म्हणतो."

मी गोल पिशवी उचलली आणि कोणीही करील तेच केले. अंगठ्याने दाबली.

"दाबू नका म्हटलं ना!" त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. "माणसाच्या हातात मऊ वस्तू आली की तो दाबतोच. सगळी भानगड तिथेच आहे."

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून पुढची दहाएक वर्षे ज्यांनी जळगावात काढली, त्यांनी हा माणूस पाहिलेला असणार. करडी स्कूटर, पायाशी डबा, शर्टाच्या खिशात हिरव्या शाईचे पेन. सिग्नल नसलेल्या चौकातही ते थांबत आणि मागच्यांच्या शिव्या ऐकून घेत. ते प्लास्टिक सर्जन होते. लोकांना या शब्दाचा नीट अर्थ ठाऊक नव्हता. एक शेतकरी स्प्रेपंपाची फुटलेली टाकी सांधायला घेऊन आला होता, असे ते स्वतःच सांगत. त्यांनी त्याला परत पाठवण्याआधी टाकी कुठे सांधून मिळते ते सांगितले, आणि सांधलेली टाकी पुन्हा कशी फुटू शकते, तेही.

त्यांचे खरे काम स्टोव्हच्या भडक्यात भाजलेल्या बायकांचे, कापसाच्या जिनिंगच्या यंत्रात हात गेलेल्या मजुरांचे आणि फाटलेल्या ओठांच्या बाळांचे होते. आठवड्याला एखादी बाई त्या दुसऱ्या, डब्यातल्या कामासाठी येई. येताना डोक्यावरून पदर घेऊन आणि बहुतेक वेळा दुसऱ्याच कुठल्या दुखण्याचे नाव सांगून.

आमच्या रविवारच्या पुरवणीत त्यांचे आरोग्याचे सदर होते. ते सदर तपासणे माझ्याकडे होते, आणि त्या दहा वर्षांत त्यांच्याइतका ताप मला दुसऱ्या कोणाही लेखकाने दिला नाही. लेख वेळेवर येई, ही एकच गोष्ट त्यांच्या बाजूने सांगता येईल. लेख आल्यावर दुसऱ्या दिवशी दुरुस्तीचा फोन. तिसऱ्या दिवशी ते स्वतः. छपाईआधीची मुद्रिते समोर घेऊन प्रत्येक ठाम वाक्याच्या मानगुटीवर ते हिरव्या शाईने 'बहुतेक' बसवत. 'जखम आठ दिवसांत भरते' हे वाक्य त्यांच्या हातून सुटताना 'जखम बहुतेक आठ दिवसांत भरते, मात्र मधुमेह असल्यास भरतेच असे नाही' असे होऊन बाहेर पडे.

"डॉक्टर, वाचकाला एक काहीतरी सांगा."

"एक काहीतरी नसतंच हो. आधी वाईट ऐका, मग ठरवा."

'आधी वाईट ऐका' हे त्यांचे पालुपद होते. एकदा कढईतले तेल उडून माझा हात मनगटाजवळ भाजला. मी दाखवायला गेलो आणि एवढेच विचारले, "बरा होईल ना?"

"आधी वाईट ऐका," ते म्हणाले. मग जंतुसंसर्ग, आखडलेली कातडी, कायमचा डाग आणि क्वचित लागणारी कातडीची कलमे अशी यादी मी ऐकली. हात नवव्या दिवशी बरा झाला. दाखवला, तर त्यांनी तो उजेडात नेऊन दोनदा उलटासुलटा केला. त्यांचा थोडा अपेक्षाभंग झाला असावा.

मुद्रिते दाखवण्यासाठी मला त्यांच्या दवाखान्यात जावे लागे. बाहेर बाके, आत प्लायवूडची भिंत. ती छताला पोचत नव्हती. आतले बोलणे बाहेर जाऊ नये म्हणून बाहेरच्या खोलीत ते मोठ्या आवाजात रेडिओ लावून ठेवत. त्यामुळे बाकांवरचे सगळे रुग्ण बाजारभाव आणि केळीवरील कीड नियंत्रण यांत पारंगत झाले होते. आत टेबल, दोन खुर्च्या आणि कोपऱ्यात हिरवा पडदा. पडद्यापलीकडे तपासणीची जागा.

एकदा मी बाकावर बसलेलो असताना आतून रावेरकडची एक बाई लग्नाच्या मुलीला घेऊन बाहेर आली. केळीवाल्यांच्या घरातली असावी. अंगावर सोने होते आणि चेहऱ्यावर संताप. मी रुग्णच आहे असे समजून ती माझ्याशेजारी धपकन बसली.

"तुम्हालेबी घाबरवलं का यानं?"

"कशाबद्दल?"

"पाऊण तास झाला! आम्ही इचारलं, गोल चांगलं की लांबट चांगलं. सांग ना बाबा एक. तर म्हणे पिकू शकतं, फिरू शकतं, फुटू शकतं, कडक होऊ शकतं, धा-पंधरा वर्सांनी पुन्हा काढावं लागू शकतं. मी म्हटलं, डॉक्टर, आम्ही दवाखान्यात आलो की कोर्टात?"

"मग काय ठरलं?"

"काय ठरतंय! पोरगी म्हणते, आई, राहू दे. ज्याले पायजे तो करीन लग्न." बाईने मुलीकडे रागाने पाहिले. मुलगी रेडिओ ऐकत होती आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होते.

अशाने दवाखाना कसा चालणार, असे मी त्यांना विचारले. ते म्हणाले, "भाजलेले येतातच की."

तर अशा माणसाला इम्प्लांटवर लिहायचे होते. संपादकांनी विषय ऐकताच नकार दिला. वर्षभर तो नकार कायम होता. मग नव्वदनंतरच्या त्या वर्षांत अमेरिकेत सिलिकॉन जेलच्या इम्प्लांटवर निर्बंध आल्याची बातमी वृत्तसंस्थेकडून आली आणि संपादकांचे मत एका दुपारात बदलले. त्यांनी डॉक्टरांना बोलावून घेतले. मथळा तयारच होता: 'सौंदर्याचा सापळा'.

"सापळा नाही तो," डॉक्टर म्हणाले. "माझ्याकडे तीन जणींनी करून घेतलंय. तिघी बऱ्या आहेत. तेही लिहावं लागेल."

"मग त्यात बातमी काय राहिली?"

"बातमी तुम्ही बघा. मी आकार आणि बिघाड एवढंच लिहिणार. आणि 'स्तन' हा शब्द लिहिणार."

"तो नको. आपला पेपर कुटुंबात वाचतात."

"अहो, कुटुंबातच असतात ते."

संपादकांनी पंख्याकडे पाहिले. मथळा गेला, विषयही पुन्हा गेला. डॉक्टर डबा उचलून निघून गेले. मला सुटल्यासारखे वाटले, हे नोंदवून ठेवतो.

त्यानंतर, नवरात्र बसायच्या सुमारास, सदराच्या नावाने एक पत्र आले. वहीचा रेघी कागद, सुवाच्य अक्षर, खाली सही नाही. पाकिटावर धुळ्याचा शिक्का. लिहिणारी शिक्षिका होती, वय चौतीस. दोन वर्षांपूर्वी मोठ्या शहरात जाऊन तिने शस्त्रक्रिया करून घेतली होती. घरात नवऱ्याशिवाय कोणाला माहीत नव्हते. आता डावी बाजू दगडासारखी झाली होती आणि रात्री कुशीवर झोपता येत नव्हते. शेवटच्या ओळी मला अजून पाठ आहेत. 'ज्यांनी केले ते डॉक्टर म्हणतात की हाताने जोरात दाबून ते मोकळे करता येते, चिरावे लागत नाही. दिवाळीच्या सुट्टीत बोलावले आहे. जावे की नाही, आपल्या सदरातून कळवावे. पत्ता देऊ शकत नाही.'

पत्र मी दवाखान्यात नेऊन दिले. त्यांनी ते दोनदा वाचले, चष्मा काढला आणि पुन्हा वाचले.

"जाऊ नये," ते म्हणाले.

त्यांना इतके लहान वाक्य बोलताना मी प्रथमच ऐकले. बहुतेक नाही, मात्र नाही.

मग त्यांनी मला समजावून सांगितले. शरीरात बाहेरची वस्तू बसवली की शरीर तिच्याभोवती एक पातळ आवरण विणते. कोणाकोणाचे आवरण पुढे आवळत जाते. पिशवी कडक होत नाही, तिच्याभोवतीची मूठ घट्ट होते. बाहेरून दोन्ही हातांनी जोर लावला की ते आवरण फाटते आणि छाती पुन्हा मऊ लागते. कित्येक सर्जन तसे करत. "पण आवरणाबरोबर पिशवीही फुटू शकते. मग जेल आत पसरतं. नाही तर आत रक्तस्राव होतो. कडक झालं असेल तर उघडून नीट सोडवावं, नाही तर काढावं. दाबू नये. हे तिला सुट्टी लागायच्या आत कळलं पाहिजे."

"पत्ता नाही."

"म्हणून तर छापायचं."

पत्र वाचल्यावर संपादकही नरम आले. पण 'स्तन' नको, 'छाती' चालेल. पत्राचा उल्लेख नको. आणि लेख सर्वसामान्य माहितीचा हवा. या वाटाघाटींत दोन आठवडे गेले. 'छाती'ला डॉक्टरांचा आक्षेप होता, कारण छाती पुरुषालाही असते. 'वक्ष' या शब्दावर संपादक राजी होते, तर डॉक्टर म्हणाले की माझ्या एकाही पेशंटला वक्ष नाही. शेवटी 'छाती' ठरली. दसरा होऊन गेला होता.

लेख आला. नेहमीप्रमाणे पहिल्याच ओळीत वाईट: 'छाती दगडासारखी झाली तर कोणालाही हाताने दाबून ती मोकळी करू देऊ नका.' खाली संसर्ग, रक्तस्राव, फुटणे, फिरणे. आकारांची तुलना चौथ्या परिच्छेदात.

इथे मी जे केले ते नीट सांगायला हवे.

नव्याने लागलेल्या उपसंपादकांना पहिल्या दिवशी मी एकच गोष्ट शिकवत असे. महत्त्वाचे आधी, कमी महत्त्वाचे नंतर. कारण जागा कमी पडली की बातमी खालून कापतात. तरीही मी डॉक्टरांना म्हणालो, "ही बातमी नाही, पुरवणीचा लेख आहे. पहिल्याच ओळीत दगड मारला तर बाई पान उलटेल. आधी आकारांचं लिहा, ती वाचत खाली येईल. मग सांगा."

"पण मी आधी वाईट सांगतो."

"सहा वर्षं सांगताय. एकदा माझं ऐका."

आम्ही तासभर भांडलो. मी थकलो होतो, आवाज चढला होता, आणि तो चढलेला आवाज ऐकून शेजारच्या टेबलावरचे क्रीडा प्रतिनिधी चहाला निघून गेले. शेवटी डॉक्टरांनी हिरव्या पेनने परिच्छेदांना नवे आकडे घातले. एकचा सहा झाला.

लेख त्या रूपात खरोखर चांगला वाचला जात होता. फळांच्या उपमा त्यांनी कटाक्षाने टाळल्या होत्या. गोल आणि थेंबाकृती यांतला फरक त्यांनी ताटावरून सांगितला होता. गोल वाटी ताटात कितीही फिरली तरी वाटीच दिसते. विड्याचे पान फिरले तर देठ खाली येतो. तसेच थेंबाकृती इम्प्लांट दिसायला अधिक नैसर्गिक, पण आत फिरले तर छातीचा आकार बिघडतो. म्हणून त्याचा पृष्ठभाग खरखरीत ठेवतात, म्हणजे ते जागेला धरून राहते. गोल फिरले तरी कळत नाही, मात्र वरचा भाग जरा जास्त फुगीर दिसतो. मिठाच्या पाण्याने भरलेले गळाले तर पाणी शरीरात जिरते आणि एका दिवसात कळते. जेलचे फुटले तर कित्येकदा कळतही नाही. सहावा परिच्छेद दहा ओळींचा होता.

दिवाळीआधीच्या शेवटच्या पुरवणीची पाने शुक्रवारी दुपारी लागत होती. त्या काळी मजकूर चकचकीत कागदावर छापून येई आणि पेस्टिंगवाले तो पातीने कापून पानावर चिकटवत. आमचे पेस्टिंगवाले आबा शिरपूरकडचे, हातात पाती आणि कानामागे पेन्सिल. मी पहिल्या पानाच्या बैठकीत होतो. त्यांनी दारातून डोके आत घातले.

"भाऊ, साडीवालानी जाहिरात वाढनी. तो डाक्टरना लेख बठ्ठा मावत नही. दहा ओळी उरी ऱ्हायन्यात."

मी समोरच्या कागदावरून मान वर केली नाही.

"खालून कापा."

हे दोन शब्द मी दिवसातून वीस वेळा उच्चारत असे.

रविवारी सकाळी आठ वाजता पिंप्राळ्यातल्या माझ्या घरासमोर करडी स्कूटर थांबली. बायको फराळाचे तळत होती. डॉक्टर आत आले, बसले नाहीत. पुरवणी उघडून त्यांनी माझ्यापुढे धरली. 'गोल की थेंबाकृती?' असा मथळा, छान चौकट, आणि लेखाच्या शेवटच्या ओळीखाली लगेच साडी नेसलेली, हात जोडलेली बाई, शुभेच्छा देणारी.

"वाईट कुठे गेलं हो?" त्यांनी विचारले.

मी पुरवणी हातात घेतली. त्या क्षणी मला आबांचे दारातले डोके आठवले.

"शाळांना सुट्टी कालच लागली," ते म्हणाले.

सोमवारी पहिल्या पानावर चौकट द्यावी, असे मी संपादकांना घरी जाऊन सांगितले. दिवाळीत, पहिल्या पानावर, हा विषय: ते नुसते हसले. उरल्या छोट्या जाहिराती. धुळ्याच्या पानावर मंगळवारी जागा होती. कार्यालयात बसून वीस शब्दांचा मजकूर लिहिताना डॉक्टरांनी मला पुन्हा हैराण केले. एवढे होऊनही त्यांना त्यात रक्तस्रावाचा उल्लेख हवा होता.

"डॉक्टर, वीस शब्द!"

"बरं, मग रक्तस्राव काढा. 'कोणालाही' ठेवा."

अखेर घर भाड्याने देणे आहे आणि शिलाई मशीन विकणे आहे यांच्या मध्ये हे छापून आले: 'धुळ्याच्या शिक्षिका भगिनीस. कोणालाही दाबू देऊ नये. जाऊ नये. आधी जळगावला दाखवावे. पत्र मिळाले आहे.' उरलेल्या पाच शब्दांत दवाखान्याचा पत्ता. त्या दिवशी कार्यालयात या जाहिरातीचे जे अर्थ लावले गेले, ते इथे देत नाही.

दिवाळीत कोणी आले नाही. सुट्टी संपली, शाळा सुरू झाल्या. दुसऱ्या आठवड्यात मी पुढच्या सदराची मुद्रिते घेऊन दवाखान्यात बसलो होतो. वीज गेलेली होती, त्यामुळे रेडिओ बंद. बाकावर जिनिंगमध्ये बोटे गेलेल्या एका मजुराची आई होती आणि मी. एक बाई धाकट्या बहिणीचा हात धरून आली आणि सरळ आत गेली. डाव्या हाताने तिने पदर छातीशी घट्ट धरला होता.

आत तपासणी झाली. पडद्याच्या कड्या वाजल्या, पुन्हा वाजल्या. मग कागद उलगडल्याचा आवाज.

"हे तुम्हीच लिहिलंय?" बाईचा आवाज वर्गातला होता, स्पष्ट.

"हो."

"मी रविवारी दोनदा वाचलं. गोल वाटी, विड्याचं पान, सगळं आहे. पाणी, जेल, सगळं आहे. दाबून घेऊ नये, हे कुठे आहे?"

मी उठून उभा राहिलो. डॉक्टर आता पेपरचे नाव घेतील, कदाचित माझे, आणि आत बोलावतील. मुद्रितांची गुंडाळी माझ्या हातात होती.

"लिहायचं राहिलं," डॉक्टर म्हणाले.

"राहिलं?"

"हो. माझी चूक झाली."

"मी पत्र पाठवलं होतं तुम्हाला. मला वाटलं, एवढा मोठा लेख माझ्यासाठीच लिहिलाय. त्यात नाही म्हणजे हरकत नसेल. सोमवारच्या गाडीने गेलो आम्ही. तुमची जाहिरात परत आल्यावर पाहिली."

बहीण रडू लागली. बाई रडत नव्हती. मजुराची आई माझ्याकडे पाहून हलक्या आवाजात म्हणाली, "काय व्हयनं हो भाऊ तिले?" मी परत बाकावर बसलो.

"आधी वाईट ऐका," आतून आवाज आला. खुर्ची पुढे सरकल्याचे ऐकू आले. "पिशवी फुटलेली दिसते. उघडून काढावी लागेल, आणि जेवढं जेल निघेल तेवढं साफ करावं लागेल. दुसरी ठेवायची की काढायची, ते तुम्ही ठरवायचं. डाव्या बाजूला आकार पहिल्यासारखा राहणार नाही. हे वाईट. आता बरं ऐका. हे जिवावरचं नाही. चीर जुन्याच जागी घेईन. रात्री कुशीवर झोपता येईल. पंधरा दिवसांत शाळेत जाल."

पेनाचे टोपण लागल्याचा आवाज आला.

"बहुतेक," ते म्हणाले.

आणि बाई हसली. मोठ्याने नाही, पण हसली. "दोन्ही काढा," ती म्हणाली. "आणि पुन्हा पेपरात लिहिलंत तर नीट लिहा, डॉक्टर."

"हो बाई," डॉक्टर म्हणाले, एखाद्या विद्यार्थ्याने म्हणावे तसे.

त्या गेल्यावर मी आत गेलो. ते डब्यातल्या पिशव्या पुन्हा रुमालात गुंडाळत होते.

"तुम्ही का नाही सांगितलं, मी कापलं म्हणून?"

"तुम्ही खालून कापलं. खाली मी लिहिलं होतं."

"माझ्या सांगण्यावरून."

"तुमचं ऐकायचं की नाही, हे मी ठरवलं होतं ना? द्या ती मुद्रितं."

मी मुद्रिते दिली. त्यांनी हिरवे पेन उघडले आणि पहिल्याच वाक्यात 'बहुतेक' घातले. मी वाद घातला नाही. पुढच्या आठवड्यात मात्र पुन्हा घातला, कारण 'सूर्य बहुतेक पूर्वेला उगवतो' या थराचे एक वाक्य त्यात होते आणि सहन करण्याला सीमा असते.

शस्त्रक्रिया ठीक झाली, एवढेच त्यांनी मला सांगितले. सदर आणखी चार वर्षे चालले. त्यांच्या लेखाला जागा कमी पडली, तर मी दुसऱ्या कोणाचा तरी लेख कापत असे. आबांना तशी सूचना होती आणि त्यांनी कारण विचारले नाही. इम्प्लांटवर डॉक्टरांनी पुन्हा लिहिले नाही. संपादकांनी परवानगी दिली नसतीच, पण त्यांनी मागितलीही नाही.

दशक संपता संपता एका सकाळी दवाखान्याला कुलूप दिसले. पोटाच्या आजाराने ते मुंबईला होते आणि तिथून परत आले नाहीत. आजार वर्षभराचा होता. घरच्यांना त्यांनी शेवटच्या दोन महिन्यांत सांगितले. याचा मला राग आला आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

निधनाची बातमी मीच लिहिली. महत्त्वाचे आधी, बाकीचे नंतर. ती खालून कापली गेली आणि अंत्ययात्रेला कोण कोण उपस्थित होते ते गेले.

महिन्याभराने त्यांच्या पत्नीने निरोप पाठवला. जागा दाताच्या डॉक्टरांना दिली होती, तुमच्या पेपरची कात्रणे आणि हस्तलिखिते आहेत ती घेऊन जा, असा. मी गेलो. बाके नव्हती, रेडिओही नव्हता. टेबलाच्या खणातून मी कागद काढले, बांधले. "पडद्यामागेही काहीतरी आहे लावलेलं," वहिनी म्हणाल्या. "ते मी काढलं नाही. तुमचंच आहे बहुधा."

पडद्यापलीकडे मी कधी गेलो नव्हतो. जाण्याचे कारण नव्हते. तिथे तपासणीचे उंच टेबल होते आणि त्याच्या पायाशी एक स्टूल, कपडे सारखे करून बाईने बसावे यासाठी. स्टुलावर बसले की डोळ्यांसमोर येईल अशा उंचीवर भिंतीवर प्लास्टिकच्या कागदाखाली पुरवणीतला तो लेख चिकटवलेला होता. 'गोल की थेंबाकृती?' साडीची जाहिरात कात्रीने कापून टाकली होती. कागद पिवळा पडला होता आणि प्लास्टिकचा खालचा एक कोपरा, बोट ठेवून ठेवून, धुरकट झाला होता.

दहा ओळी हिरव्या शाईत एका वेगळ्या पट्टीवर लिहिलेल्या होत्या. डॉक्टरांचे अक्षर वाचायला मला सहा वर्षे लागली होती. हे कोणालाही वाचता आले असते. एकेक अक्षर सुटे, पाटीवर काढल्यासारखे. 'छाती दगडासारखी झाली तर कोणालाही हाताने दाबून ती मोकळी करू देऊ नका.' तिथपासून शेवटपर्यंत मी ओळी मोजल्या. दहाच होत्या. 'बहुतेक' एकदाही नव्हते.

लेखाखाली हातभर भिंत मोकळी होती. पट्टी त्यांनी मथळ्याच्या वर लावली होती.